कडक भाकरीला तार सुटली

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सॉफ्टवेअरमधली बाई मी. काही बिघडलं की त्याला कुठेतरी कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यावरच माझं पोट चालतं. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधू दिली नाही म्हणून सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. तरीही हे लिहितेय.

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. टॉवेल-चादरीच्या कारखानदारांच्या ऑर्डरी सांभाळणारं अ‍ॅप आम्ही बनवायचो. छोटीशी स्टार्टअप. मालकांना सगळे 'सर' म्हणायचे – बेंगळुरूहून परत आलेले, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. इंजिनिअरांची टीम माझ्याकडे होती.

तिथे मी एक पद्धत सुरू केली होती. काही बिघडलं की शनिवारी दुपारी सगळ्यांनी गोल बसायचं, काय झालं ते खरंखरं सांगायचं आणि कुणाला दोष द्यायचा नाही. माणूस घाबरला की चूक लपवतो आणि मग ती दुप्पट होऊन पुढे येते. समोर खायला असलं की लोक मोकळे बोलतात, म्हणून मध्ये कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. भाकरी भाग्यश्री आणायची. टीममधली सगळ्यात नवी मुलगी, राहायला कुंभारीला, आई घरीच कडक भाकऱ्या करून विकते. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते, ही भाकरी पापडासारखी खडखडीत असते आणि महिनाभर ठेवली तरी तिला काही होत नाही.

एप्रिल होता. आमच्याकडचं ऊन, हवेत ओलाव्याचा टिपूस नाही. त्या शनिवारी सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावून, टीममधलं कोण कमी करता येईल, असं विचारलं होतं. दुपारी तेच सर गोलात बसून म्हणाले, "इथं कुणाचीही नोकरी जाणार नाही. आपण एक फॅमिली आहोत." आणि त्यांच्या हातातली भाकरी, मोडायची ती वाकली. त्यांनी तुकडा तोडला तर मध्ये पांढरट तार लोंबली, नासलेल्या भाताला सुटते तशी. अंबूस, कुजका वास आला. सरांनी तो तुकडा चटणीला लावला आणि तोंडात टाकला. शी!

दह्यात भिजली असेल, असं म्हणाल. मीही तेच म्हटलं. पण भाग्यश्रीनेही ते पाहिलं होतं. जिन्यात मला गाठून ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या आईची भाकरी आजवर कधी नासली न्हाय की. तुमी कुणाला सांगू नका."

त्याच डब्यातल्या उरलेल्या भाकऱ्या मी घरी नेल्या. पाणी शिंपडलं, दह्यात बुडवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून उन्हात ठेवल्या. मऊ पडल्या, पुढे बुरशीही आली. पण तशी तार, आणि तीही बघता बघता, काही केल्या सुटेना.

मग अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीचं रिलीज आलं. टेस्टिंग अर्धवट होतं. भाग्यश्री नको म्हणाली, मीही नको म्हटलं. सरांनी आमच्यासमोर, स्वतःच्या लॅपटॉपवरून, स्वतः बटण दाबलं आणि आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाच्या ऑर्डरी पुसल्या गेल्या. ते ग्राहक म्हणजे एक वयस्कर कारखानदार, सगळे त्यांना अप्पा म्हणत. शनिवारी अप्पा स्वतःच ऑफिसात येऊन आमच्या गोलात बसले. त्याआधी सरांनी मला बाजूला घेतलं होतं. भाग्यश्रीने न विचारता केलं, एवढंच म्हणा, नव्या मुलीला दुसरीकडे मिळेल काम... म्हणे मिळेल! असा ठपका घेऊन सोलापुरात तिला कोण उभं करणार होतं? घरात पगार आणणारी ती एकटीच.

दही मी त्या दिवशी मुद्दाम आणू दिलं नव्हतं. अप्पांनी विचारलं, कुणी केलं हे? भाग्यश्री खाली बघत होती. वेळ काढायला मी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. चांगला कुरकुरला. 'अजून तपास चालू आहे' असं काहीतरी गुळमुळीत बोलायला लागले, तर तोंडातला घास फुगला. जिभेला, टाळूला बुळबुळीत काहीतरी चिकटलं, घशाशी उतरायला लागलं. बेसिनकडे पळाले. जे बाहेर पडलं ते करडं होतं, खळीसारखं, आणि तुटता तुटत नव्हतं.

चूळ भरून परत आले आणि उभ्यानेच म्हटलं, "अप्पा, बटण सरांनी दाबलं. आम्ही दोघी नको म्हणत होतो."

सर हसले. मॅडम टीमला सांभाळून घेतायत, चूक भाग्यश्रीचीच आहे, असं अगदी प्रेमाने सांगितलं त्यांनी. त्यांच्या हातातली भाकरी लोळागोळा झाली होती, तार मनगटावरून घड्याळापर्यंत ओघळली होती. अप्पांनी नाकाला रुमाल लावला. सरांनी बोट चाटलं.

अप्पा उठले. भाग्यश्रीला म्हणाले, "तुजी काय चूक न्हाय पोरी. ऊठ, हितं बसू नको." आम्ही दोघींनी त्याच दुपारी नोकरी सोडली. आता दुसरीकडे एकत्र काम करतो. सर हल्ली नव्या उद्योजकांना टीम कशी सांभाळावी यावर भाषणं देतात म्हणे. टाळ्याही पडतात.

ओळखीच्या एका फूड टेक्नॉलॉजीच्या बाईंना विचारलं. त्यांनी बॅक्टेरियांची नावं सांगितली आणि मग स्वतःच म्हणाल्या, पण एवढ्या वेळात शक्य नाही. मला अजूनही कारण सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायची इच्छाही उरली नाही.

त्या दिवशी बॅगा घेऊन निघालो तेव्हा भाग्यश्रीने डबा उचलला. मागून सरांचा आवाज आला, तोंडात घास असताना येतो तसा. "भाग्यश्री, उरलेल्या भाकऱ्या ठेवून जा. आज छान झाल्यात."