लेकीने गाळलेलं वाक्य

जपानमधल्या त्सुकुबापासून बसने अर्ध्या तासावर असलेल्या त्या गावात भारतीय कुटुंब आमचं एकच. नवरा एका संशोधन संस्थेत सॉफ्टवेअरच्या कामावर होता आणि त्याचा करार वर्षावर्षाने वाढायचा. आज ना उद्या परत जायचंच आहे, म्हणून मी जपानी शिकायचं टाळत राहिले. घरात ती भाषा नीट येणारी एकटी आमची मुलगी. कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा इथपासून दवाखान्यातल्या फॉर्मपर्यंत सगळं तीच वाचून सांगायची.

तिची शाळा सरकारी होती, सातवी ते बारावी एकाच इमारतीत. मुलं इतकी थोडी की बारावीच्या मुलींना सातवीतल्या सगळ्यांची नावं पाठ. लेक शाळेच्या प्रसारण क्लबात होती. दुपारच्या जेवणाच्या वेळी स्पीकरवरून सगळ्या शाळेला सूचना वाचून दाखवायची. घरी मात्र मराठीत काही विचारलं की उत्तर जपानीत. मला त्याचीच धास्ती बसली. दहावीच्या आत पुण्याला नेलं नाही तर ही ना इकडची राहील ना तिकडची, असं मी नवऱ्याला रोज ऐकवायचे. शेवटी ठरलं. आठवी झाली की तिने माझ्या बहिणीकडे जायचं; करार संपला की मागोमाग आम्ही.

हे सांगायला आम्ही दोघी शाळेत गेलो. तिच्या वर्गशिक्षिका पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या बाई. मी मराठीत बोलले, लेकीने त्यांना सांगितलं. बाई माझ्याकडे बघत बराच वेळ बोलल्या, मधेच हात जोडल्यासारखे केले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, ठीक आहे. तिकडे नीट अभ्यास कर."

एवढं मोठं बोलणं आणि एवढासाच अर्थ? ते मला खटकलं, नाही असं नाही. पण मी पुन्हा विचारलं नाही. उठले, वाकून नमस्कार केला आणि निघाले.

ती गेली आणि नवऱ्याचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढला. रिकामं घर खायला उठायचं, म्हणून मी एका जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात अर्धवेळ काम धरलं. तिथल्या बायकांच्या संगतीने मोडकंतोडकं जपानी आलं. दीड वर्षाने सुपरमार्केटात त्या बाई भेटल्या. लेकीची चौकशी करून म्हणाल्या, "तुम्ही परत गेलात तरी तिला माझ्या घरी ठेवा, बारावीपर्यंत मी सांभाळीन, असं मी म्हटलं होतं. आगाऊपणा झाला असेल तर माफ करा." हातातला मुळा टोपलीत ठेवून मी वाकले. मला हे कधी कळलंच नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्याच रविवारी पुण्याला फोन लावला.

"बाईंनी तुला ठेवून घेते म्हटलं होतं. मला का नाही सांगितलंस?"

"तू आधीच ठरवलं होतंस ना आई. तू नाहीच म्हणणार होतीस. आणि तुझं ते 'नाही' बाईंना, सेन्सेईंना, मलाच सांगावं लागलं असतं."

मी ठेवलं असतं का तिला तिथे? खरं सांगायचं तर बहुतेक नाही. पण तेरा वर्षांच्या पोरीला मी तिच्याच विरुद्धचा निकाल वाचायला बसवलं होतं, आणि तिने त्यातलं सगळ्यात जड वाक्य स्वतःपाशी ठेवून घेतलं.

पुण्यात ती शिकली, चांगली नोकरी करते. जपानी आता विसरली म्हणते. नव्या शाळेत ती पहिलं वर्षभर वर्गात तोंडच उघडत नव्हती, हे बहिणीने मला फार उशिरा सांगितलं. आम्ही दोघं जपानमधून निघालो तेव्हा बाईंना भेटायला जायचं मनात होतं. दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेले. आत गेले नाही.