लातुरातलं मस्कत

भुजंग सोनकांबळे मस्कतला कधी गेला नाही, पण तीन महिने मस्कतात राहून आला. कुठं राहिला म्हणाल, तर लातुरात, नव्या सरकारी इमारतीच्या कामावर, एका पत्र्याच्या खोलीत. हसू नका. आधी सगळं ऐकून घ्या, मग हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

भुजंग मुखेडजवळच्या एका खेड्यातला गवंडी. बहात्तरच्या दुष्काळात सतरा वर्षांचा असताना रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. तिथं मोरी बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याचा हात हेरला, त्याला खडीवरून उठवलं आणि हातात थापी दिली. दहा वर्षांत पोरगं असं तयार झालं, की त्याच्या गिलाव्यावरून हात फिरवून इंजिनियर लोक मान हलवायचे. त्यात ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्या आल्या म्हणजे भिंती आल्या. भुजंग पंधरा दिवस लातुरात कामावर आणि दोन दिवस घरी, असा येऊन-जाऊन राहू लागला.

स्वतःचं घर मात्र मातीच्या भिंतींचं, वर पत्रे. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड तेवढे त्यानं नीट रांगेत मांडले होते. बायको सिंधु म्हणायची, "कलेक्टरला सावली केलीव, आता आमच्याकडं बगा." म्हणायची हसून, पण म्हणायची दर उन्हाळ्यात.

पंच्याऐंशीचा पावसाळा कोरडा गेला. विहिरी तळाला लागल्या, वस्तीला टँकर सुरू झाला, सिंधु रोजगार हमीच्या कामावर जाऊ लागली. अशात देगलूरकडचा व्यंकटी भेटला. हा भुजंगचा जुना जोडीदार, आता मस्कतला एका कंपनीत फोरमन. त्याला हाताखाली चांगले गवंडी हवे होते. व्हिसा कंपनीचा, तिकीट कंपनीचं, एजंटाचा संबंधच नाही. दोन वर्षांचा करार, मधे सुट्टी नाही. दोन वर्षांत स्लॅबचं घर उठतं, हे व्यंकटीनं शपथेवर सांगितलं. एप्रिलअखेर येतो, तेव्हा हो की नाही ते सांग, म्हणाला.

म्हणजे पैशाचं रडगाणं नव्हतंच. प्रश्न वेगळाच होता. घरात म्हातारी आई नागुबाई, गुडघ्यानं अधू. पोरगी सुजाता, आठ वर्षांची, तिसरीत. आणि एकटी सिंधु. टँकर आला की घागरींची झुंबड, नाही आला की मैलभर पायपीट. अशा घरातून कर्ता माणूस दोन वर्षं काढून घेणं घराला परवडेल का? भुजंगनं कामावर आठवडाभर खाडा केला आणि दोघं याच्यावर बोलत राहिले. सकाळी जायचं ठरायचं, संध्याकाळी मोडायचं.

शेवटी सिंधुच बोलली. लग्नानंतर चार वर्षं तिनं भुजंगच्याच हाताखाली वाळू-सिमेंटचा माल वाहिला होता, तेव्हा गवंडीकामातलं तिला सगळं कळायचं.

"भिंत धरायच्या आधी तुमी काय करताव? पयला थर बिनमालाचा, कोरडाच मांडून बगताव. बसला तर माल लावायचा, न्हाई बसला तर उचलायचा. तसं करू की. तुमी लातुरात ऱ्हावा, पन मस्कतात हाव असं समजून ऱ्हावा. तीन महिने. आमी बी तसंच समजतो."

भुजंगला हे एकदम पटलं. तो होताच तसा. एखादं काम घ्यायचं म्हटलं की नियमानं घेणार. दोघांनी बसून नियम केले. घरी यायचं नाही. गावचं कुणी लातुरात भेटलं तर घरचं विचारायचं नाही, घरी निरोप धाडायचा नाही. फक्त टपालानं पत्र. आणि मस्कतचं पत्र यायला पंधरा दिवस लागतात, असं व्यंकटी म्हणाला होता. तर पत्र हातात आलं तरी पंधरा दिवस फोडायचं नाही. हा शेवटचा नियम भुजंगनं स्वतःच्या डोक्यानं घातला, आणि दोन्ही बाजूंनी पाळायचा असं ठरलं.

नागुबाई चुलीपुढून म्हणाली, "येडे झालाव का रे दोघं?"

जानेवारीच्या मधात भुजंग पेटी घेऊन एष्टीत बसला. जांबचा फाटा गेला, उदगीर गेलं, आणि चार घंट्यांत तो मस्कतला पोचला.

पहिलं पत्र आठवड्यात आलं. निळं आंतरदेशीय. त्यानं त्यावर पेन्सिलीनं तारीख टाकली आणि पेटीत, कपड्यांखाली ठेवून दिलं. खोलीतले जोडीदार त्याची थट्टा करायचे, "शेख, टपाल उघडा की." भुजंग हसायचा, पण उघडायचा नाही. रात्री निजताना पेटी उशाशी असायची, आणि आत काय लिहिलं असेल याचा विचार करत त्याला झोप लागायची. पंधराव्या दिवशी मात्र काम सुटल्या सुटल्या हातपाय न धुता तो पत्र फोडायचा.

सिंधु सातवी शिकलेली. अक्षर मोठं, ओळी सरळ. "सप्रेम जयभीम. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवावी. टँकर वेळेवर येतो. मायचा गुडघा बरा आहे. काळजी करू नये." आणि सगळ्यात खाली सुजाताच्या दोन ओळी. "बाबा, मी पाढे पाठ केले. शेळीला पिलू झालं." त्या दोन ओळींवर भुजंगचे चार दिवस सुखाचे जायचे.

फेब्रुवारीत तो परांचीवरून घसरला. फार उंचावरून नाही, पण डावा हात विटांच्या ढिगावर आपटला आणि दोन बोटं मोडली. आठ दिवस खोलीत पडून राहावं लागलं. आडवं पडल्या पडल्या त्यानं घरी पत्र लिहिलं, "मी खुशाल आहे. काम जोरात चालू आहे." मग त्यानं स्वतःलाच विचारलं, मस्कतात पडलो असतो तर कळवलं असतं का? उगाच बायामाणसांच्या जिवाला घोर कशाला लावायचा? नसतंच कळवलं. तर मग आता तरी काहून? नियम म्हणजे नियम. त्यानं पत्र चिकटवलं.

मार्चच्या मधात आलेलं पत्र त्यानं महिनाअखेरीस फोडलं. सगळं खुशाल होतं. फक्त सुजाताच्या ओळी नव्हत्या. कागदाची खालची पट्टीच नव्हती, कात्रीनं सरळ कापल्यासारखी. भुजंगनं कागद उलटासुलटा करून पाहिला. शाई सांडली असेल, म्हणाला. पोरीनं काही वेडंवाकडं लिहिलं असेल, आईनं कापलं असेल. खोटं कशाला बोलू, त्या रात्री त्याला झोप नीट लागली नाही. पण विचारायचं तर पत्र जायला पंधरा दिवस आणि उत्तर यायला पंधरा. तोवर तर मुदतच संपत होती. त्यानं नाही विचारलं.

चौदा एप्रिलला जयंती आली. दरवर्षी वस्तीतल्या ओट्याला चुना तोच मारायचा. या वेळी तो लातूरच्या मिरवणुकीत परक्यासारखा चालला आणि लवकर खोलीवर परत आला. तीन दिवसांनी मुदत संपली. सिंधुसाठी लुगडं, आईसाठी तंबाखू आणि पोरीसाठी कंपासपेटी घेऊन तो पहिल्या एष्टीनं निघाला.

घर जागच्या जागी होतं. घागरी भरलेल्या. एक पत्रा सिंधुनं स्वतःच बदलला होता. ओट्याला चुना कुणी मारला विचारलं, तर तोही सिंधुनंच मारला होता, आणि वाईट मारला नव्हता. आपल्यावाचून काही अडलं नाही, याचं भुजंगला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, आता ते कशाला लपवायचं.

सुजाता मात्र वाळली होती. तिनं कंपासपेटी घेतली आणि कौतुकानं मनगट पुढं केलं. "बाबा, हितं सुई लावली व्हती. पाच दिवस बाटली लटकवली व्हती."

भुजंगनं सिंधुकडं पाहिलं. सिंधु भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मार्चात वस्तीत हगवन-उलट्याची साथ आली. टँकरच्या पान्यानं. सुजीला मुखेडच्या दवाखान्यात नेलं व्हतं. आता बरी हाय."

"आन मला?"

"तुमी मस्कतात व्हताव न्हवं? तिकडं कळवलं असतं का मी? तुमी तिकडं तळमळलं असताव, येता बी आलं नसतं. म्हनून न्हाई कळवलं. ठरलंच व्हतं तसं."

भुजंगनं ताट पुढं ओढायला खिशातला डावा हात काढला, आणि सिंधुची नजर वाकड्या राहिलेल्या बोटांवर गेली. भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"हे काय?"

"परांचीवरून पडलो. फेब्रुवारीत."

नागुबाईनं एकदा पोराकडं पाहिलं, एकदा सुनेकडं. "बरं झालं," म्हणाली, "दोघंबी मस्कतला जाऊन आलाव."

जेवण झाल्यावर सिंधुनं फळीवरच्या डब्यातून निळ्या कागदाची एक पट्टी काढली आणि त्याच्या हातात दिली. दवाखान्यात खाटेवर बसून सुजातानं लिहिलेलं. अक्षर इकडंतिकडं पळालेलं. "बाबा मला दवाखान्यात ठेवलं. मला भेव वाटतो. तुमी कवा येताव."

भुजंग ती पट्टी धरून बसून राहिला. त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता, दिवसांचा. हे पत्र लातुरात आलं तेव्हा पोरगी अजून खाटेवरच होती. समजा सिंधुनं पट्टी कापली नसती. समजा सगळं खरं लिहिलं असतं. तरी ते पत्र त्याच्या उशाशी, पेटीत, पंधरा दिवस न फोडता पडून राहिलं असतं. लातूर चार घंट्यांवर, आणि तो त्या पेटीवर डोकं ठेवून निजला होता. त्याला रडू आलं, आणि तो आईसमोर, पोरीसमोर रडला.

सिंधुनं त्याला रडू दिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पाच दिवस एकटी बसले मी तिथं. दर एष्टीचा आवाज आला की वाटायचं, लिहावं का. पन थर बसला, बगा. घर चाललं. तुमी जातो म्हनलाव तर मी सांभाळीन. घराला परवडतंय."

"घराला परवडतंय," भुजंग म्हणाला. "मला न्हाई परवडत."

"आन स्लॅब?"

"बांधू. एका साली एक भिंत. आपल्याच हातानं."

सिंधुला पक्कं घर हवं होतं, लई वर्षांपासून हवं होतं, आणि ते आता लांब गेलं हे तिला कळत होतं. पण तिनं उठून ती पट्टी त्याच्या हातातून घेतली, डब्यात टाकली आणि म्हणाली, "मग आजपासून मी कात्री धरनार न्हाई. तुमी बी पत्र आल्या आल्या उभ्या उभ्या फोडायचं. आन पडलाव तर पडलो म्हनून लिहायचं."

"कबूल."

एप्रिलअखेर व्यंकटी आला, त्याला भुजंगनं जमणार नाही म्हणून सांगितलं. व्यंकटी म्हणाला, असा चान्स परत येत नसतो. भुजंग म्हणाला, ठाऊक आहे. आणि दुसऱ्या दिवशी तो लातुरात गिलाव्याला लागला.

मे महिन्यात पोस्टमन कामावर आला. भुजंगनं मालाच्या हातानंच पत्र फोडलं, परांचीवर उभ्या उभ्या. सिंधुचं अक्षर. "सप्रेम जयभीम. चार दिवस टँकर नाही. मायचा गुडघा सुजला आहे, रात्री कण्हते. शेळीचं पिलू मेलं, सुजी दोन दिवस जेवली नाही. मी बदललेला पत्रा वाऱ्यानं उडाला, तो तुम्ही आल्यावर बघा. मला तुमची फार आठवण येते." खाली दोन ओळी. "बाबा आई मला मारली. तुमी शनिवारी याच."

त्या पत्रात एकही गोष्ट खुशालीची नव्हती. भुजंगनं ते तीन वेळा वाचलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि मुकादमाकडं शनिवारची सुट्टी मागायला खाली उतरला.