जांभळ्या पानावरची सही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सही येते, सावकाश वाचता येतं. हे लिहितेय ते माझ्यापुरतं. मुलगी आता कॉलेजात आहे. ही गोष्ट ती नववीत असतानाची.

आम्ही मायलेकी मॉर्मन झालो, म्हणजे ख्रिस्ती लोकांतल्या एका पंथात गेलो, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याच्या थोडं आधी नवरा गेला होता, आणि काळाचौकीत आमच्याच मजल्यावरची एक बाई आम्हाला त्यांच्या रविवारच्या सभेला घेऊन गेली. तिथे कुणी फार चौकशी केली नाही, शेजारी बसवून घेतलं. मला तेवढं पुरलं. बाप्तिस्मा घेताना काही गोष्टी सोडायच्या असतात. दारू-तंबाखूचा आमच्याकडे प्रश्नच नव्हता. चहा सोडायचा होता. घरातला चहाचा डबा मी शेजारणीला देऊन टाकला.

मोठ्या मुलींना तिथे एक वही मिळायची. त्यात आठ मूल्यं, प्रत्येकाचा रंग वेगळा. श्रद्धेचा पांढरा, ज्ञानाचा हिरवा, सचोटीचा जांभळा. प्रत्येक मूल्यासाठी काही करायचं, केलं ते लिहायचं आणि खाली आईने किंवा वर्गाच्या ताईंनी सही करायची. मी कधी वाचत नसे. चार घरच्या पोळ्या लाटून पायांत गोळे आलेले असायचे. ती बोट ठेवील तिथे सही करायची आणि आडवं व्हायचं.

एका गुरुवारी तिने वही पुढे केली. "आज वाचून सही कर हं. रविवारी हे सगळ्यांसमोर वाचणारेय मी."

जिच्यात सचोटी दिसते अशा एका बाईविषयी लिहायचं होतं. तिने माझ्याविषयी लिहिलं होतं. 'माझी आई चार घरी पोळ्या करते. सगळीकडे चहा होतो. पण दोन वर्षांत तिने एक घोटही घेतलेला नाही. कुणी बघत नसतानाही.'

मी तर रोज पीत होते.

माझ्या चार घरांपैकी दादरच्या काकूंकडे चार वाजता आमचा चहा व्हायचा. त्या एकट्या राहतात. मी कणीक मळत असताना त्या आधण ठेवायच्या, आलं किसायच्या आणि कप माझ्या हातात द्यायच्या. बाप्तिस्म्यानंतर पहिल्या दिवशी नको म्हणायला तोंडच उघडलं नाही. नको म्हटलं तर का ते सांगावं लागणार, ते सांगायला धर्म बदलल्याचं सांगावं लागणार. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही प्यायले. खरं सांगायचं तर दिवसभरात कुणी मला काही हातात आणून देतं, असं तेवढंच होतं.

मी पेन खाली ठेवलं. "कणीक मळायचीय अजून."

"मी मळून ठेवलीय. कर ना सही."

"मी पिते गो."

"काय पितेस?"

"चहा. काकूंकडे."

"कधी कधी?"

"रोज. रविवार सोडून."

"रविवारी सभा असते म्हणून?"

"रविवारी काकूंकडे सुट्टी असते."

ती म्हणाली, "शाळेत मैत्रिणी कटिंग मागवतात, मी नको म्हणते. 'आली मोठी साध्वी' म्हणून हसतात मला. मी म्हणते, माझी आई पण पीत नाही. मूर्खच ना मी?"

वही मिटून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी पोळ्या केल्या.

शुक्रवारी काकूंनी कप पुढे केला तेव्हा मी हात मागे घेतला.

"काय गं, अ‍ॅसिडिटी?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. "नाही काकू. आमच्या धर्मात चालत नाही."

"आमच्या म्हणजे?"

मी सांगितलं. कसंबसंच सांगितलं.

"मग दोन वर्षं कशी प्यायलीस?"

"तुम्ही देत होतात म्हणून."

त्यांनी माझा कप बेसिनमध्ये ओतला आणि आपला घेऊन त्या बाहेर टीव्हीसमोर जाऊन बसल्या. रागावल्या नव्हत्या बहुतेक. पण पोळ्या होईपर्यंत स्वयंपाकघरात मी एकटीच होते.

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली. शनिवारी संध्याकाळी वही पुन्हा माझ्यासमोर आली. जुना मजकूर खोडून खाली लिहिलं होतं: 'माझी आई दोन वर्षं चहा पीत होती. हे तिने मला स्वतःहून सांगितलं. तिला बोलायची फार भीती वाटते.'

"हे वाचू?" तिने विचारलं. "नको म्हणालीस तर दुसऱ्या कुणावर लिहीन."

सभेत मी शेवटच्या रांगेत बसते. तिथे कुणी नाव विचारलं तरी मी मुलीला पुढे करते. नको, हे अगदी ओठावर आलं होतं, आणि तिने ऐकलंही असतं. पण मीच लपवलं तर सोमवारी शाळेत तिने मैत्रिणींना खरं कसं सांगायचं?

मी सही केली. दमलेल्या हाताची, वाकडी.

रविवारी ती भरभर वाचत गेली. मी मान वर केली नाही. वाचून झाल्यावर ती मुलींच्या रांगेत न बसता सरळ मागे आली.

"सरक जरा," ती म्हणाली. "किती जागा अडवतेस."