पॉटचं झाकण उघडायचं नाही

बालवर्गाच्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. तिने नुसतं वर्गात उभं राहायचं. किस्से आपणहून येतात आणि ओढणीला नाक पुसून जातात!

आमची शाळा पनवेलची, मराठी माध्यमाची. माझ्याकडे मोठा गट, म्हणजे पाच-साडेपाच वर्षांचे महारथी. ऊन तापायला लागलं की दरवर्षी मी त्यांना आइस्क्रीम करायला शिकवते. लाकडी बादली, तिच्यात मधोमध दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायला दांडा. हा पॉट माझ्या माहेरचा. दांडा फिरवल्याशिवाय आइस्क्रीम समजत नाही, हे माझं ठाम मत आहे. आणि माझी मतं सहसा बरोबर असतात!

यंदा मात्र मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला ऑफिसात बोलावलं. "एवढा पसारा कशाला? आपण स्मार्ट बोर्ड घेणारच आहोत, त्यावर व्हिडिओ लावला की चार मिनिटांत विषय संपतो. या वेळी मी बघायला येईन. नाही पटलं तर तुमचा पॉट बंद." मी "हो बाई" म्हणून बाहेर आले आणि जिन्यात मला चक्क रडू आलं. त्या दिवशी काय झालं ते सांगतेच. पण आधीचं ऐकल्याशिवाय त्यात मजा नाही.

* * *

"आइस्क्रीम कुठून येतं?" हा माझा पहिला प्रश्न ठरलेला.

"ॲपवरून!" अख्खा वर्ग एका सुरात.

"बरं, आणि ॲपच्या आधी?"

आरोह उभा राहिला. "आधी पप्पांचा मूड बघावा लागतो, बाई."

* * *

बर्फ मी मासळी बाजारातून आणवते. तिथे तो लादीने मिळतो आणि टिकतोही. एकदा गोणी सोडली तर बर्फात एक अख्खी मांदेली! अर्धा वर्ग "ईऽऽ" करत भिंतीला चिकटला. बर्फ डब्याच्या बाहेर असतो, दुधाला लागतसुद्धा नाही, हे मी समजावत होते; पण ऐकतंय कोण?

तन्वी तेवढी पुढे आली. ती खाडीकाठच्या गावातून येते. तिने मांदेली शेपटीला धरून उचलली, नीट निरखली आणि म्हणाली, "बाई, ताजी हाय!"

मग पॉटकडे बघून जरा नाराजीनेच, "मंग आमाला भाकरी आणायला का नाय सांगितलं?"

* * *

मिठाचा धडा माझा सगळ्यात आवडता. नुसत्या बर्फाला बोट लावायचं, मग मीठ घातलेल्या बर्फाला. "बाई, हा जास्त गार!" असं ओरडताना त्यांचे डोळे जे मोठे होतात ना, त्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते.

एका वर्षी दुसऱ्याच दिवशी आरोहच्या आईचा फोन. "बाई, तुम्ही काय शिकवलंत ह्याला? आजोबांना ताप होता. मी कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवून आत गेले, तर ह्याने पट्टीवर मूठभर मीठ टाकलं! सगळं डोळ्यांत गेलं."

"अगं बाई! मग? ताप?"

"ताप उतरला हो. पण आजोबा आता ह्याला खोलीत येऊ देत नाहीत!"

धडा मुलाला समजला होता, एवढं मात्र खरं.

* * *

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप हा वेगळाच विषय आहे. आइस्क्रीमची सूचना टाकली की सर्दी, टॉन्सिल, परवाच आलेला खोकला, सगळे हजर होतात. मी प्रत्येकाला नीट उत्तर देते. पण एका आईच्या मेसेजवर मी हात टेकले.

"आमच्या परीला आइस्क्रीम द्यायला हरकत नाही. फक्त कृपया कोमट करून द्यावे."

* * *

आता नियम. पॉटचं झाकण मध्येच उघडायचं नाही आणि "झालं का?" म्हणून विचारायचं नाही. जो उघडेल किंवा विचारेल, त्याने शंभर फेरे फिरवायचे. मोजणार वर्ग.

एका वर्षी रुद्रचे पप्पा त्याला न्यायला लवकर आले. त्यांचा कळंबोलीत लोखंडाचा धंदा, हात हे एवढे! दारातूनच म्हणाले, "काय, झालं का?"

वर्गाने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि दांड्याशी बसवलं. "शंभर ना? आत्ता होतील," म्हणत ते लागले फिरवायला. वर्ग मोजतोय. अठ्ठावीस, एकोणतीस... आणि वीस! एकवीस! बावीस! आमची गाडी त्या वेळी तीसच्या स्टेशनात शिरतच नव्हती. एकोणतीस झाले की सगळे बिनधास्त पुन्हा वीसवर.

पप्पांचा शर्ट भिजला. "मॅडम," ते धापा टाकत म्हणाले, "शंभर कधी येणार?"

"तीस आले की!"

दुसऱ्या दिवशी ते मोटर घेऊन आले. फुकट बसवून देतो म्हणाले. रुद्रनेच त्यांना दारात अडवलं. "मग आम्ही काय करायचं?"

हा किस्सा मोठ्या बाईंच्या कानावर गेला. त्या मूळच्या गणिताच्या. हसल्या नाहीत. "मोठ्या गटाला तीस येत नाहीत?" एवढंच म्हणाल्या.

* * *

आणि मग यंदाचा तो दिवस. मोठ्या बाई कडक इस्त्रीची साडी नेसून वर्गात खुर्चीवर बसल्या. झाकणाची राखण झोयाकडे होती. ती शब्दाची पक्की. "अम्मी म्हणते, वायदा म्हणजे वायदा," असं सांगून ती पॉटला चिकटून बसली. तेवढ्यात व्हरांड्यात वाट्यांवरून दोघांची मारामारी जुंपली, म्हणून मी बाहेर धावले.

परत आले तर मोठ्या बाई खाली सतरंजीवर! मांडी घातलेली, पदर खोचलेला, हातात दांडा.

"बाई, यांनी झाकण उघडलं," झोयाने रिपोर्ट दिला.

"मी फक्त बघत होते, जमतंय का," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बघितलं की फिरवायचं," झोया म्हणाली. "शंभर."

यंदाचा वर्गही तसाच मोजत होता. अठ्ठावीस, एकोणतीस, वीस...

"तीस! एकोणतीसनंतर तीस!" मोठ्या बाई ओरडल्या. कोणी लक्षसुद्धा दिलं नाही. एकवीस, बावीस, तेवीस. घामाने त्यांचा चष्मा नाकावर घसरला, पण दांडा काही थांबला नाही.

इतक्यात दारात एक टाय लावलेला तरुण उभा राहिला. खांद्याला लॅपटॉपची बॅग. "मॅडम, स्मार्ट बोर्डचा डेमो होता. तुम्ही अकराची वेळ दिली होती."

मोठ्या बाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

"थांबा हो जरा, एकोणतीस झालेत," त्या म्हणाल्या. आणि मग सगळ्या वर्गापेक्षा मोठ्या आवाजात, "वीस! एकवीस! बावीस!"