गडी दारापाशी उभा आहे

देवाने पृथ्वी घडवली खरी, पण पाण्याचं काम त्याला नीट जमलं नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे आणि तो माझा मेहुणा आहे. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे बदलून घेण्याची सोय नाही. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला माझी सासुरवाडी. घरामागे थोडं चाललं की बोडी लागते, बोडी म्हणजे शेताला पाणी पुरवणारा लहानसा तलाव. तिच्या पाळीवर हा संध्याकाळी जाऊन बसायचा आणि उतरतं ऊन पाण्यावर कसं पसरतं ते पाहत राहायचा. मध्येच जीभ टाळ्याला लावून ‘चक्’ असा आवाज करायचा आणि म्हणायचा, "भाऊजी, चमक जास्त झाली. मी असं केलं असतं त कंपनीनं काम वापस पाठवलं असतं." एकदा पाण्यात कोणाची तरी म्हैस उतरली, तसा हा ताडकन उठून उभा राहिला. मला वाटलं, आता धावतो म्हैस काढायला. तर तो हरखून म्हणाला, "पाहा, लाट काठाले लागून कशी वापस येऊन राहिली! हेच मले दोन महिन्यांपासून जमून नाही राहिलं." त्या म्हशीकडे इतक्या प्रेमाने तिच्या मालकानेही कधी पाहिलं नसेल.

त्याचं काम असं, की संगणकावरच्या खेळांमध्ये जे पाणी दिसतं, त्यावर ऊन कसं पडावं, सावली कुठे यावी, हे तो लिहून देतो. शहापूरच्या घरात बसून लिहितो आणि ते जाऊन पोहोचतं भलतीकडेच. हे सासूबाईंना समजावून सांगायला त्याने एक अख्खी दुपार घालवली. त्यांनी तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऊन त आपोआप पडते, मंग तुले पगार कायचा देते?" सासरे अशा खोलात शिरले नाहीत. पोट्टा काय करतो, असं कोणी विचारलं की ते "पाण्याचं काम करते" एवढंच सांगून मोकळे व्हायचे. परिणाम असा झाला, की एका वर्षी पाऊस लांबला तेव्हा आसपासचे शेतकरी आपल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कालव्याचं पाणी कधी सुटणार हे विचारायला याच्याकडे येऊ लागले. हा बिचारा प्रत्येकाला खुर्ची देऊन संगणकापुढे बसवायचा आणि आपलं पाणी दाखवायचा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ते निळंशार पाणी बराच वेळ मान डोलवत पाहिलं आणि मग म्हणाला, "पाणी चांगलं आहे बाबू. बांधीत कधी येते?"

शेतीच्या कामाला तो अगदीच निरुपयोगी होता असं नाही, पण रोवणीच्या दिवसांत त्याला बांधीवर पाठवणं म्हणजे घरचं एक माणूस कमी करून घेणं होतं. भाताची रोपं लावण्याआधी बांधीत पाणी भरलेलं असतं आणि त्यात आभाळ दिसतं. सासूबाईंनी रोवणाऱ्या बायांसाठी चहाची किटली देऊन त्याला धाडलं, की तो बांधावर किटली धरून त्या आभाळाकडे पाहत उभा. शेवटी चिखलातून एखादी बाई ओरडायची, "पाणी पाहून झालं असन त चहा देजो बाबू." तोवर तो चहा कशालाही चालला असता, फक्त पिण्याला नाही.

असा माणूस घरात नवं यंत्र आणेल असं तुम्हाला वाटेल. पण त्याच्या खोलीत होते ते पाठीला कुबड असलेले, पिक्चर ट्यूबचे जुने टीव्ही. लोकांनी भंगारात काढलेले टीव्ही हा मोटारसायकलवर बांधून आणायचा. लाखनीला माझं औषधाचं दुकान आहे. तिथल्या एका ढाब्यावरचा टीव्ही त्याने वर्षभर लक्ष ठेवून मिळवला, तोही मालकाने देऊ केलेला नवा टीव्ही नाकारून. या टीव्हींना तो लहानपणीचा व्हिडिओ गेमचा डबा जोडायचा, कॅसेटमध्ये फुंकर मारायचा, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मी आमच्या दुकानातली कुठलीही गोळी घेऊन आलेलं पाहिलेलं नाही. "नव्या टीव्हीवर गडी चौकोनी दिसते भाऊजी," तो म्हणायचा, "ह्याच्यावर तो श्वास घेते."

गडी म्हणजे त्याच्या सगळ्यात लाडक्या खेळातला एक बोटभर माणूस. पाठीवर गाठोडं घेतलेला हा गडी जंगलातून निघतो, वाहत्या लाकडांवर उड्या मारत नदी ओलांडतो, डोंगर चढतो आणि शेवटी एका मोठ्या दारापाशी पोहोचतो. दारापलीकडे काय आहे ते मेहुण्याने शाळेत असल्यापासून पाहिलेलं नव्हतं, कारण तिथे पोहोचेपर्यंत गड्याचे सगळे जीव संपायचे आणि पुन्हा जंगलातून सुरुवात. जुन्या खेळाची हीच रीत, अर्ध्यात ठेवून उद्या तिथूनच सुरू करायची सोय नाही. तो डबा सासऱ्यांनीच एका वर्षी धान विकून आल्यावर भंडाऱ्याहून आणला होता. त्यांनी स्वतः मात्र त्याला कधी हात लावला नाही. मुलगा खेळायला बसला की ते मागे खाटेवर सुतळी वळत बसायचे. बघत नाही असं दाखवायचे, पण गडी नदीत पडला की सुतळी थांबायची. बापलेकांत बोलणं असं जवळजवळ नव्हतंच. "जेवला का?" "हो." एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

आता परदेशाचं. मेहुण्याला परदेशी जायचं होतं, आणि इतकी वर्षं जायचं होतं, की दरम्यान आमच्या गावचे तीन जण जाऊन, कंटाळून परत आले. आधी कॅनडा होता, मग जपान, मग फिनलंड. देश बदलला की त्याची तयारी बदलायची. थंड देश ठरला तेव्हा तो कूलरमध्ये बर्फ टाकून त्याच्यापुढे स्वेटर घालून झोपू लागला, तेही मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे गाई-म्हशीसुद्धा सावली सोडत नाहीत. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात हे कळल्यावर त्याने हायवेवर उजव्या बाजूने चालायचा सराव सुरू केला. सगळ्या ट्रकवाल्यांनी वेगवेगळ्या भाषांत त्याचं मत बदलण्याचा प्रयत्न केला. शेवटी सासऱ्यांनी त्याला हाताला धरून डावीकडे आणला, तेव्हा हा शांतपणे म्हणतो, "बाबा, तिथं गेल्यावर मले एकदम सुधरणार नाही." घड्याळही त्याने तिकडच्या वेळेला लावलं होतं. माझ्या पुतणीच्या लग्नाला तो आला तेव्हा मंडपवाला कापड उतरवत होता.

गावाने त्याला तीनदा निरोप दिला. प्रत्येक वेळी "कागदपत्रं आली" म्हणून बातमी फुटायची, चौकातलं मंडळ समारंभ करायचं, शाल, नारळ, दोन भाषणं. आणि मग काही तरी अडायचं. तिसऱ्या वेळेनंतर सासूबाईंच्या घरी नारळाच्या वड्या इतक्या झाल्या, की आम्हाला लाखनीला डबे भरून यायच्या. चौथ्यांदा बातमी आली तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी हात जोडले. "बाबू," ते म्हणाले, "आता तू पोहोचल्यावर फोन कर. शाल आम्ही तिकडंच पाठवतो."

आणि नेमका चौथ्यांदा तो खरंच गेला.

त्या दुपारी आम्ही त्याला न्यायला गेलो तर गाडीची वेळ झालेली, बॅगा दारात, आणि हा टीव्हीपुढे. गडी दारापाशी पोहोचला होता. आयुष्यात पहिल्यांदा पाच जीव शिल्लक होते, पडद्याच्या कोपऱ्यात पाच लाल बदाम. माझी बायको ओरडली, "अरे, तुयी गाडी जाते!" त्याने एकदा पडद्यावरच्या दाराकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, जे या वेळी बरोबर होतं, आणि खेळ थांबवण्याचं बटण दाबलं. मग डब्याची वायर इन्व्हर्टरला जोडून वडिलांना म्हणाला, "बाबा, टीव्ही बंद केला तरी चालन. डबा बंद करू नका. हा लाल दिवा हाय तोवर गडी हाय." सासऱ्यांनी मान हलवली. वरठीला स्टेशनवर तर बापलेकांचं बोलणं त्याहूनही कमी झालं. गाडी हलली तेव्हा सासरे म्हणाले, "जेवून घेजो." ते आगगाडीच्या डब्यामागोमाग थोडे चालले आणि मग उगाच धोतराला लागलेली धूळ झटकत राहिले.

फिनलंडहून रविवारी फोन यायचा. मेहुण्याचं म्हणणं, तिकडचं तळं गोठून गेलंय. "भाऊजी, पाणी हालतच नाही. इथं मी पाहू काय?" असं तो इतक्या दुःखाने सांगायचा, की मला हसू यायचं आणि मग त्या हसण्याची लाज वाटायची. बर्फाबद्दल त्याचं मत, देवाने तेही घाईत उरकलंय. मग फोन सासऱ्यांकडे जायचा. "जेवला का?" "हो. गडी हाय न बाबा?" "हाय." "ठेवतो." झालं. पण रोज संध्याकाळी शेतावरून आल्यावर सासरे हातपाय धुऊन टीव्ही लावायचे, गडी दारापाशी उभा आहे ना ते पाहायचे आणि बंद करायचे. देवापुढे दिवा लावण्याचं काम सासूबाईंकडे होतं, हे त्यांच्याकडे.

मे महिन्यात वादळ आलं. विजेचे खांब पडले आणि दोन दिवस गावात लाईन नव्हती. सासऱ्यांनी इन्व्हर्टरवरचे पंखे, दिवे सगळं बंद करून टाकलं. सगळं घर अंगणात घामाघूम होऊन झोपलं, कारण आत एक बोटभर माणूस दारापाशी उभा होता. सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "पोट्ट्यानं जाताना मले इतकं जपा म्हून नाही सांगितलं." तरी दुसऱ्या दुपारी इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि लाल दिवा विझला.

मी गेलो तेव्हा सासरे खाटेवर बसून होते. बैल मेला तेव्हाही मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "त्याले सांगू नका," ते म्हणाले, "एकच गोष्ट ठेवाले देली होती त्यानं."

लाईन आली त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला, आयुष्यात पहिल्यांदा तो खेळाचा रिमोट हातात धरला आणि जंगलातून सुरुवात केली. वीस-पंचवीस वर्षं मागे बसून पाहिल्यामुळे कुठे दगड पडतो, कुठून साप निघतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. अडचण बोटांची होती. नांगर धरलेल्या अंगठ्याला ती इवलीशी बटणं सापडायची नाहीत आणि गडी नदीत पडायचा. रोवणी आली, उरकली. सासरे दिवसभर चिखलात आणि संध्याकाळी नदीत. अंगठ्याला सासूबाई तेल लावून द्यायच्या. मी म्हटलं, "मामाजी, सांगून टाका न. तो काय रागावणार आहे?" त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "तो नाई रागावणार जवाईबापू. तो ‘असू द्या’ म्हणन. तेच त मले ऐकाचं नाही." मी त्यांच्या मागे खाटेवर बसलो आणि गडी पडला की मीही ‘चक्’ करू लागलो. मेहुण्याने मात्र तिकडून लकडा लावला होता. "बाबा, एकदा व्हिडिओवर गडी दाखवा न." सासरे कधी डोळे दुखतात म्हणायचे, कधी नेट नाही म्हणायचे. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस किती वाईट खोटं बोलतो, ते मला तेव्हा कळलं.

पोळ्याच्या दिवशी आम्ही जेवायला गेलो होतो. बैलांची पूजा झाली, आणि सासऱ्यांनी मला आत बोलावलं. गडी दारापाशी उभा होता. सासरे घामाने भिजले होते. फोन त्यांनी स्वतःच लावायला सांगितला.

मी फोन टीव्हीपुढे धरला. मेहुणा पुढे झुकून पाहू लागला. जो माणूस देवाच्या पाण्यात खोट काढतो, त्याला कोपऱ्यातले बदाम दिसणार नाहीत? पाचाच्या जागी एकच बदाम होता. त्याची नजर तिथे गेली आणि तिथेच थांबली. बायकोने माझा हात धरला. सासरे खाली पाहत होते.

मग तो हळूच म्हणाला, "बाबा, नदी कशी पार केली?"

सासऱ्यांनी मान वर केली. "तिसरं लाकूड बुडते," ते म्हणाले, "त्याच्यावर थांबाचं नाही." आणि मग ते सांगत सुटले. साप कसा चुकवला, डोंगरावर दगडाआधी मनात किती मोजायचं, रोवणीच्या दिवसांत अंगठा कसा सुजला होता, यंदा धान कसं आहे, बोडी किती भरली आणि तिच्यावर संध्याकाळी ऊन कसं पडतं. "जाऊन येतो मी रोज," ते म्हणाले, "तू पाहत होता म्हून." तिकडे मेहुणा एका हाताने डोळे पुसत ‘हं, हं’ करत होता. जेवणं थंड झाली. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दोघांना एकमेकांशी इतकं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. ऐकताना मला आनंद झाला आणि का कोण जाणे, खूप वाईटही वाटलं.

शेवटी मेहुणा म्हणाला, "बाबा, मी येईपर्यंत त्या दारातून जाऊ नका."

"नाई जात," सासरे म्हणाले, "तुयी वाट पाहतो."

मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि डबा चालू ठेवला.