फुगलेलं वायसर

गावापासून पाच तासांवरच्या एका एमआयडीसीत मी तेव्हा सात वर्षांपासून मोल्डिंग मशीनवर होते. आमच्याकडे मऊ वस्तू निघायच्या. टूथब्रशच्या दांड्यावरची पकड, पेचकसाची मूठ, पाण्याच्या बाटलीच्या झाकणातलं वायसर. माल दाण्यांच्या पोत्यांत यायचा. हाताला अगदी रबर, पण रबर एकदा शिजलं की शिजलं. हा माल तापवला की वितळायचा, गार झाला की पुन्हा लवचिक. बिघडलेले नग आम्ही दळून परत मशीनमध्ये टाकायचो. ओढून सोडलं की जागच्या जागी यायचं. मला त्याचं फार कौतुक होतं.

मशीन दुरुस्तीला निघालं म्हणून ऑगस्टमध्ये चार-पाच दिवसांची सुट्टी मिळाली आणि मी रिसोडहून जीपने गावी आले. आई-बाप गेल्यापासून शेत मोठा भाऊच बघायचा. पावसानं उघडीप दिली होती. वारा नव्हता, आभाळ खाली आलेलं, आणि सोयाबीनवर अळी. चारी बाजूंच्या शेतांतून औषधाचा उग्र वास गावात येऊन थांबला होता. कुत्रीही ओट्याखालून निघत नव्हती.

दादाच्या पाठीवरच्या पंपाचं झाकण गळत होतं. वायसर चिरलं होतं.

"उद्या रिसोडले जाऊन नवं आणतो," दादा म्हणाला.

"कायले जातं? माह्याजवळ हाय," मी म्हणाले.

पिशवीत कारखान्यातली नापास वायसरं होती, डब्यांना वगैरे लागतील म्हणून आणलेली. एक काढून बसवलं. असं बसलं की जसं त्याच पंपासाठी केलेलं. दादानं पंप पाण्यानं भरून उलटा धरला. थेंब पडला नाही.

"बहीण माही इंजिनेर हाय बाप्पा," तो वहिनीला म्हणाला. मी फुगले.

दुसऱ्या दिवशी त्याला डबा घेऊन शेतात गेले. तो बांधावर पंप भरत होता. औषधाची बाटली सरळ पंपाच्या तोंडात ओतली. तेलकट पिवळी धार तोंडाच्या कडेला बसवलेल्या वायसरावरूनच आत गेली आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं. झाकण लावताना त्याला जोर द्यावा लागला.

"जाड झालं काय वं हे?"

मी बोट लावून पाहिलं. वायसर कालच्यापेक्षा गुबगुबीत होतं, जरा बुळबुळीत. मला वाटलं, बरंच आहे, घट्ट बसेल. बोट ओढणीला पुसलं.

तेव्हाच मला आठवायला हवं होतं. कामावर लागले त्या आठवड्यात आमच्या सुपरवायझरनं सांगितलं होतं, "पाणी, साबण, ऊन, सगळं सोसतं हे. रॉकेल आणि थिनरपासून दूर ठेवा, पिऊन फुगतं." फवारणीचं औषध बहुधा रॉकेलसारख्याच द्रवात विरघळवलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं. पण वास तर येत होता. त्या वासानंही मला काही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दादा सकाळीच गेला. दुपारी वहिनी नि मी निंदायला गेलो तेव्हा तो सोयाबीनच्या ओळीच्या मधोमध उभा होता. फवारा चालू, पण नळी एकाच झाडावर धरलेली. शर्ट पाठीला चिकटला होता.

"किती घामेजले तुमी," वहिनी म्हणाली.

"सकाळपासून पाठ ओलीच हाय," तो म्हणाला. जीभ जड होती. "आभाळ आलं काय? अंधारून राह्यलं."

लख्ख ऊन पडलं होतं. मी जवळ गेले. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. पंप खाली उतरवला तर झाकण तिरपं झालेलं. वायसर लोंबून खाचेबाहेर आलं होतं. तिथूनच ते पांढरं पाणी वाकताना दरवेळी त्याच्या पाठीवर उतरत होतं.

वहिनीनं शर्ट फाडूनच काढला. विहिरीवर पाठ धुतली, साबण शेजारच्या शेतातून आणला. तोवर त्याला उलट्या लागल्या, दंडाचं मांस आपोआप उडायला लागलं. मी औषधाची बाटली ओढणीत बांधून घेतली आणि रस्त्यावर जीप अडवली. रिसोडला सुई दिली, तिथून वाशिमला पाठवलं. वाटेत वहिनी त्याला सारखी नाव घेऊन हाका मारत होती. लग्नानंतर तिनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

तो वाचला. नऊ दिवस दवाखान्यात होता. जेवायला लागला त्या दिवशी मी त्याला सांगितलं, "दादा, ते वायसर मी बसवलं होतं. त्या मालाले असं औषध चालत नाही. मले सांगितलं होतं कामावर, मी ध्यानात ठेवलं नाही."

त्यानं जेवणाचं ताट बाजूला सरकवलं.

"पाठ ओली हाय हे मले सकाळी नऊलेच कळलं होतं," तो म्हणाला. "अर्धं वावर रायलं होतं म्हणून मी थांबलो नाही. आता तू याच्यावर बोलू नको."

मग वहिनीकडे वळून त्यानं पाणी मागितलं. ग्लास त्याच्या हातातून निसटला.

पायातलं बळ त्याचं पूर्ण आलं नाही. चिखलात पाय ओढत चालतो. आता पंप वहिनी पाठीवर घेते, दुकानातलं वायसर लावून, पाठीला जाड प्लॅस्टिक बांधून. फवारणीच्या दिवसांत मी सुट्टी काढते आणि बांधावर बसते. दर पंपाला तिला थांबवून पाठीवर हात फिरवते. ती कंटाळते, म्हणते, "कोल्डीच हाय वं माय, ओली नाही." तरी मी हात फिरवते. मागच्या वर्षी दुसऱ्या पंपाला माझा हात ओला झाला. घामच होता तो. पण आम्ही दोघी कितीतरी वेळ त्या हाताचा वास घेत उभ्या होतो.