अकरा मुलींची गोष्ट आणि पंतांचे वाकडे बोट

श्रीधरपंतांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात अमरावतीच्या थोरामोठ्यांचे लेख येणार आहेत. त्यांत अकोल्याच्या एका माळणीचाही लेख असावा असे मंडळींना वाटले. यात त्यांचा मोठेपणा किती आणि गंमत पाहण्याची हौस किती, हे त्यांचे त्यांना ठाऊक. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि जठारपेठेतल्या मुलींच्या शाळेच्या शिक्षिका कुसुमबाई लिहून घेतात. शब्द त्यांनी शाळेतले घालावेत, पण माझे वाक्य मला न विचारता खोडू नये, असा आमचा करार आहे. हा करार मूळचा पंतांचाच. तो कसा, ते पुढे येईल.

पंतांची पहिली ओळख माझ्या भोपळ्याच्या मांडवाखाली झाली. त्याला पंचवीस वर्षे होत आली. तेव्हा पंतांच्या गोष्टी अमरावतीकडे लोक हौसेने वाचत. शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना महिनाभर अकोल्याला बोलावले होते. मुलींनी पंतांबरोबर बसून एक गोष्ट रचावी, असा बाईंचा बेत होता. अकरा मुली होत्या. कुसुमबाई त्यांतल्याच, आणि माझी नात यमूही त्यांत होती. यमू जन्मली तेव्हाच तिची आई गेली. म्हणून ती माझ्याच हाताखाली वाढली.

मुलींनी गोष्टीसाठी भोपळा निवडला. पंतांनी भोपळा पाहिला होता तो फक्त भाजीत. तो वेलीवर कसा असतो ते पाहायला मुली त्यांना आमच्या मळ्यात घेऊन आल्या. येतानाच पंतांचा एक जोडा पाण्याच्या दांडातल्या चिखलाने ठेवून घेतला. मग मांडवाखाली उभे राहून त्यांनी अंगठ्याएवढ्या कोवळ्या भोपळ्याकडे बोट दाखवले आणि विचारले, "हा केवढा होईल?"

यमूने झटकन त्यांचे बोट धरले.

"सरळ बोट नाई दाखवत, गुरुजी. सडते ते."

आम्हा माळ्यांत हे लेकराला चालता येण्याआधी शिकवतात. कोवळ्या फळाकडे बोट दाखवायचेच झाले तर वाकवून दाखवायचे. "मग असे?" म्हणून पंतांनी बोट वाकवले, आणि मळ्याबाहेर पडेपर्यंत ते तसेच धरून ठेवले. शेवटी मीच म्हटले, "आता सोडा जी. भोपळ्यानं पाह्यलं."

ते हसले आणि मला आजी म्हणाले. माझ्याहून फार तर बारा-तेरा वर्षांनी लहान, पण म्हणाले. मीही तेव्हापासून त्या 'आजी'चा लटका राग धरून आहे.

पंतांच्या कामाबद्दल विद्वान लिहितीलच. मी पाहिले तेवढे सांगते. भाजीची टोपली घेऊन मी शाळेवरून जाई, तेव्हा ते मुलींसोबत खाली बसलेले दिसत. एकेक मुलगी एकेक वाक्य सांगे, पंत ते फळ्यावर लिहीत आणि मोठ्याने वाचून दाखवत. जिचे वाक्य तिला विचारल्याशिवाय खोडायचे नाही, मग सांगणारी केवढीही असो, हा त्यांचा नियम होता. गोष्ट अशी होती: दोन शेजारणींचे बोलणे बंद आहे. एकीच्या अंगणातला वेल दुसरीच्या छपरावर चढतो आणि एकुलता एक भोपळा तिथे धरतो. मग भोपळा कोणाचा? यावरून वर्गात दोन तट पडले. कुसुमबाई मुळाच्या बाजूच्या होत्या. पाच मुली छपराच्या. डब्यातली चटणीसुद्धा कोणी कोणाला देईना. पंत दोन्हीकडची वाक्ये तितक्याच गोड आवाजात वाचत, त्यामुळे दोन्ही तटांना वाटे की गुरुजी आपलेच आहेत.

यमू कोणत्याच बाजूला नव्हती. म्हणून शेवटचे वाक्य तिने सांगायचे ठरले. "सोमवारी सांगतो," म्हणून तिने सगळ्यांना टांगून ठेवले.

त्या शनिवारी मी तिला आणायला शाळेत गेले. पंत दारातच उभे होते. ते कौतुकाने म्हणाले, "आजी, ही मुलगी उद्या गोष्टी लिहील बरे." असे म्हणताना त्यांनी यमूकडे बोट दाखवले. ते सरळ होते. मी ते पाहिले आणि यमूला घेऊन घरी आले.

रविवारी यमूला ताप भरला. नऊ दिवसांनी ती गेली. अकरा वर्षांची होती.

पंत अमरावतीला परतले होते. कळल्यावर पहिल्या गाडीने आले. हातात गोष्टीची वही होती. आत अकराही मुलींची नावे लिहिली आहेत, असे ते सांगत होते. मी भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटले, "पंत, तुमी तिच्याकडे बोट काहून दाखवलं जी?"

त्यांनी हात मागे घेतला आणि ते वही उराशी धरून बसून राहिले.

त्या साली जठारपेठेत घरोघर ताप होता. त्या घरांकडे कोणी बोट दाखवले नव्हते. हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरी मी बोलले.

पंतांची नीती कशी, ते त्यानंतरचे ऐका. एका छापखानेवाल्याने ती गोष्ट मागितली. शेवट तुम्हीच लिहा आणि वर तुमचे नाव घाला, म्हणाला. पंत म्हणाले, "शेवट माझ्या वाट्याचा नाही." आजतागायत ती गोष्ट छापली गेली नाही.

दर माघात ते अकोल्याला येतात, मळ्यात बसतात आणि मला गोष्ट वाचून दाखवतात. आधी अकरा नावे वाचतात, मग गोष्ट. भोपळ्यापाशी आली की थांबतात.

"मंग?" मी विचारते.

"पुढचे माझ्याकडे नाही, आजी."

मी त्यांना वांगी बांधून देते. वांग्यांची भाजी आमच्या तिखटाची केली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येते. ते तिखटाचेच आहे, असे आम्ही दोघे धरून चालतो.

मागे कुसुमबाई अमरावतीला पंतांचे व्याख्यान ऐकायला गेल्या होत्या. त्यांनी येऊन सांगितले की पंत सभेत कोणाकडे हात करतात तर बोट वाकवून. मुलांकडेही, माणसांकडेही. लोकांना वाटते सांध्याचे दुखणे आहे. एकाने तर तेलही दिले चोळायला. मला हसू आले. मग त्या दिवशी भाकर तशीच झाकून ठेवली.

आता जे सांगते त्यासाठीच मी या लेखाला हो म्हटले. शेवटचे वाक्य माझ्यापाशी आहे. तापाच्या सहाव्या दिवशी, दुपारी, यमू मला म्हणाली, "आजे, गुरुजीयले सांगजो. भोपळा कोनीच तोडला नाई. बियाले ठेवला. दुसऱ्या साली दोन्ही आंगनांत वेल होता."

मी सांगितले नाही. आधी रागाने सांगितले नाही. पुढे राग गेला, तरी सांगितले नाही. गोष्ट पुरी झाली असती तर पंत माघात कशाला आले असते? यमूचे नाव मोठ्याने वाचणारे मला दुसरे कोणी नव्हते. पंचवीस वर्षे त्या माणसाला मी अर्ध्या गोष्टीवर बसवून ठेवले, आणि ते दरवेळी वांगी घेऊन, मला नमस्कार करून गेले. कुसुमबाईंचा टाक इथे थांबला आहे. त्यांनाही हा शेवट आजच कळतो आहे, आणि त्या मुळाच्या बाजूच्या होत्या ना. लिहा बाई, खोडू नका.

पंत, ती तुमच्या बोटाने गेली नाही. मी खोटा आळ घेतला होता.

समारंभात तुम्हाला शाल मिळेल, हार मिळतील. माझ्याकडून या लेखासोबत कापडात बांधलेले भोपळ्याचे बी येत आहे. दरसाल एक भोपळा न तोडता बियाला ठेवत आले, त्यातलेच हे आहे. अमरावतीच्या अंगणात लावा. देव तुम्हाला धडधाकट ठेवो, इतकी वर्षे देवो की त्या वेलाचा मांडव तुम्हाला दरसाल नवा घालावा लागेल. माघात येत जा. गोष्ट पुरी झाली तरी नावे वाचायची आहेतच.

आणि वेलाला पहिले फळ धरले की त्याच्याकडे बोट वाकडेच करा, ते राहू द्या. पण माणसांच्या लेकरांकडे आता सरळ दाखवा.